'सुरक्षित' ग्रेड कुणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शिक्षण पुरवणीतला नामवंत परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाविषयीचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी उठून लिहायला बसले. प्रवेश मिळालेल्या चार मुलांची जिद्द, त्यांचं वेळापत्रक, अवांतर वाचन, आईवडिलांचा पाठिंबा, सगळं त्यात आहे. त्या मुलांचं मनापासून कौतुक. पण पानभर लेखात 'प्रेडिक्टेड ग्रेड' हा शब्द एकदाही येत नाही. माझ्या मुलीचं केंब्रिजचं स्वप्न त्या शब्दापाशीच अडलं, त्यामुळे मला हे सहन झालं नाही.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठी मुलं अर्ज करतात तेव्हा त्यांची ए लेव्हलची, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या बारावीची, अंतिम परीक्षा व्हायची असते. म्हणून कोणत्या विषयात कोणता ग्रेड मिळेल याचा अंदाज शाळा कळवते, तोच 'प्रेडिक्टेड ग्रेड'. केंब्रिजच्या नॅचरल सायन्सेस या विज्ञानाच्या पदवीसाठी साधारणपणे दोन ए-स्टार (हा सर्वांत वरचा ग्रेड) आणि एक ए (त्याच्या खालचा) मागतात. शाळेने माझ्या मुलीला गणितात ए-स्टार दिला, रसायनशास्त्रात ए आणि भौतिकशास्त्रातही ए.

भौतिकशास्त्र म्हणजे तिचा जीव की प्राण. ऑक्सफर्डच्या भौतिकशास्त्र प्रवेशपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर कुणालाही मोफत मिळतात. नववीत तिला त्यांचा शोध लागला. जायचं होतं केंब्रिजला, पण त्या प्रश्नांनी तिला वेड लावलं. न सुटलेला प्रश्न ती कापून कपाटाच्या दारावर चिकटवायची आणि सुटला की काढून टाकायची. सुरुवातीला दार दिसत नव्हतं. अर्ज भरायच्या वेळी दारावर तीन कागद उरले होते. हे आम्ही घरात पाहिलं, तिच्या जुन्या सरांनी वर्गात पाहिलं. पण सर त्याच उन्हाळ्यात शाळा सोडून गेले आणि नव्या शिक्षकांच्या हाती ती आली.

ग्रेड ठरला तेव्हा या नव्या शिक्षकांना तिला शिकवायला लागून नऊ आठवडे झाले होते. आम्ही भेटायला गेलो. ते वाईट नव्हते, खरं तेच बोलले. "मी तिला अजून पुरती ओळखत नाही, म्हणून सुरक्षित ग्रेड दिला." संपादक महोदय, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. कुणासाठी सुरक्षित? मुलीने तिथेच सांगितलं, "सर, तुम्ही कुठलाही पेपर द्या, मी आत्ता बसून सोडवते." समन्वयक बाईंनी मान हलवली. एकीचा ग्रेड बदलला तर उद्या सगळे पालक दारात उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी वाद घातला नाही. कारण शिफारसपत्रही त्याच शाळेकडून जायचं होतं. ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याच हातात मुलीचं पुढचं सगळं, अशा वेळी आई काय बोलणार? बाहेर आल्यावर मुलगी मला म्हणाली, "आई, तू गप्प बसलीस ते बरं केलंस." तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही. नकाराच्या पत्रात कारण नव्हतं, आणि फक्त ग्रेडमुळे नाकारलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उत्तम ग्रेड असलेली मुलंही तिथे मोठ्या संख्येने नाकारली जातात. पण बाकीच्यांबरोबर त्या दारात उभं राहण्याची संधी तरी तिला मिळायला हवी होती. ऑगस्टमध्ये निकाल लागला. तिन्ही विषयांत ए-स्टार. शाळेने अभिनंदनाच्या फलकावर तिचा फोटो लावला. ती बघायला गेली नाही. आता ती दुसऱ्या विद्यापीठात भौतिकशास्त्रच शिकते आहे आणि तिथे रमली आहे.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गिल वायनेस यांनी २०१६ साली ब्रिटनमधल्या अर्जदारांचा अभ्यास केला, तेव्हा जेमतेम १६ टक्के मुलांच्या बाबतीत शाळांचा अंदाज बरोबर निघाला. बहुतेकांना मिळाले त्याहून वरचे ग्रेड कळवले गेले होते. कमी कळवलेली मुलं थोडी, पण हुशार मुलांपुरतं पाहिलं तर गरीब घरातल्यांच्या वाट्याला हा अन्याय जास्त येतो, असंही त्यात दिसलं. म्हणजे बहुतेक शाळा मुलांसाठी हात सैल सोडत असताना एखादी शाळा हात आखडता घेते, तेव्हा ते मूल दुप्पट मागे पडतं. २०२० साली करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास ग्रेड संगणकाच्या सूत्राने खाली आणले. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. तिथे निदान सगळ्यांवर एकदम अन्याय झाला होता, म्हणून सगळे एकदम बोलू शकले. एकट्या मुलीने कुठे जायचं?

आपल्या लेखातल्या चारही मुलांना त्यांच्या शाळांनी काय ग्रेड दिले होते, हे लेखकाने विचारायला हवं होतं. अमेरिकेच्या अर्जांतही शाळेच्या समुपदेशकाचं पत्र आणि शिक्षकांची पत्रं लागतात, आणि ती पाहण्याचा हक्क मुलं बहुधा आधीच सोडून देतात. जिद्द मुलाचीच असते, पण ती कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा असतो. त्या हाताबद्दलही लिहा.

आता लेखासोबतच्या चौकटीबद्दल. ती वाचून मला घाम फुटला. 'ब्रिटनसाठी अर्जाची मुदत जानेवारी' असं आपण छापलं आहे. बाकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ते ठीक, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी मुदत १५ ऑक्टोबर असते, ब्रिटिश वेळेनुसार संध्याकाळी सहा. वैद्यकीय शाखेच्या बहुतेक अभ्यासक्रमांचंही तेच. आणि शाळेचे ग्रेड व शिफारसपत्र जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नसल्याने शाळांची अंतर्गत तारीख त्याच्याही आधीची असते. त्याच चौकटीत 'ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे अर्ज करून ठेवावा' असा सल्ला आहे. पदवीसाठी एका वर्षी या दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. अर्जातलं मनोगतही आता सलग निबंधासारखं लिहायचं नसतं. २०२६च्या प्रवेशापासून तीन ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, एकूण मर्यादा मात्र पूर्वीचीच, ४००० अक्षरांची.

हा लेख कापून ठेवणारं एखादं मूल नक्की असेल. ते जानेवारीपर्यंत वाट बघत बसेल. म्हणून विनंती आहे की चौकटीची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. आतल्या पानावर तळाला दोन ओळींत नको.

आपली,
एक पालक