दौरा एक, मग निकाल तीन का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारतीय पुरुष संघ ऑस्ट्रेलियात आठ सामने खेळला. एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ अशी जिंकली, टी-ट्वेन्टी मालिका भारताने २-१ अशी. कॅनबेरा आणि ब्रिस्बेनचे टी-ट्वेन्टी सामने पावसाने खाल्ले. मग दौरा कोणी जिंकला? पुरुषांच्या क्रिकेटमध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही. दोन मालिका, दोन करंडक, दोन कर्णधार, दोन बातम्या, विषय संपला.

महिला क्रिकेटने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. २०१३ पासून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया महिलांची अ‍ॅशेस कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी असे तिन्ही प्रकार मिळून खेळली जाते. प्रत्येक सामन्याला गुण आणि शेवटी एकच बेरीज. सुरुवातीला कसोटी जिंकणाऱ्याला ६ गुण मिळत, मर्यादित षटकांच्या सामन्याला २. २०१३-१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी या दोन्ही मालिका जिंकल्या, पण इंग्लंडने पर्थची एकमेव कसोटी जिंकलेली होती. अ‍ॅशेस इंग्लंडकडेच राहिली, १०-८. पुढे कसोटीचे गुण ६ वरून ४ वर आले. त्या हिशेबाने तीच मालिका ८-८ झाली असती.

भारताच्या महिला संघाने २०२१ मध्ये असे दोन दौरे केले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलची कसोटी अनिर्णित राहिली (शफाली वर्माने पदार्पणात ९६ आणि ६३ केल्या आणि स्नेह राणाने नाबाद ८० करून हातातून निसटलेली कसोटी वाचवली). एकदिवसीय मालिका भारताने १-२ अशी गमावली. एरवी तो विषय तिथेच मिटला असता. पण अनिर्णित कसोटीचे दोन-दोन धरून गुण होते ६-४, म्हणजे अंतर एका सामन्याचे. पहिला टी-ट्वेन्टी इंग्लंडचा, दुसरा होव्हला भारताचा. चेम्सफर्डच्या शेवटच्या सामन्याला उतरताना ८-६ अशी स्थिती होती आणि तो जिंकला असता तर संपूर्ण दौरा बरोबरीत सुटला असता. सुटला नाही, १०-६ झाला. तरी शेवटच्या सामन्यापर्यंत आधीच्या सगळ्या सामन्यांचे ओझे दोन्ही संघांच्या खांद्यावर होते.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मकायला दुसऱ्या एकदिवसीय सामन्यात भारताने शेवटच्या चेंडूवर झेल घेतला, पण तो चेंडू उंचीमुळे नो-बॉल ठरला. सामना गेला, मालिका गेली. पण दोनच दिवसांनी त्याच मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाची सलग २६ एकदिवसीय विजयांची साखळी तोडली. आपल्या नेहमीच्या भाषेत हा ‘औपचारिकता उरलेला’ सामना. इथे त्याचे दोन गुण होते. मग गोल्ड कोस्टला गुलाबी चेंडूच्या कसोटीत स्मृती मानधनाचे १२७ आणि पावसामुळे अनिर्णित निकाल. टी-ट्वेन्टी सुरू होण्याआधी स्थिती ६-४. अखेर ११-५ ने हरलो, पण आकडा दिसतो तेवढा एकतर्फी तो दौरा नव्हता, हे हा क्रम पाहिल्यावरच कळते.

हाच हिशेब (कसोटी विजयाला ४, बाकी विजयांना २, अनिर्णित किंवा रद्द झाल्यास निम्मे) मी पुरुष संघाच्या काही दौऱ्यांना लावून पाहिला. २०२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा ८-८ निघतो. २०२०च्या न्यूझीलंड दौऱ्यात आपण टी-ट्वेन्टी ५-० जिंकलो (त्यातले दोन सामने सुपर ओव्हरवर), मग एकदिवसीय ०-३ आणि कसोटी ०-२ हरलो. त्या ५-० चा गाजावाजा अजून आठवतो. दौरा मात्र न्यूझीलंडने १४-१० असा जिंकला होता.

आणि २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. एकदिवसीय १-२, टी-ट्वेन्टी २-१, म्हणजे ६-६. अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि पराभव, १०-६. मेलबर्नला अजिंक्य रहाणेचे शतक आणि विजय, १०-१०. सिडनीला विहारी आणि अश्विन जायबंदी अवस्थेत टिच्चून उभे राहिले, सामना अनिर्णित, १२-१२. ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर १५ जानेवारीला नाणेफेक झाली तेव्हा नऊ सामन्यांनंतर दोन्ही संघ काटेकोर बरोबरीत होते! १९८८ पासून ऑस्ट्रेलिया तिथे कसोटी हरलेला नव्हता. ३२८ चे लक्ष्य, ऋषभ पंत नाबाद ८९, तीन गडी राखून विजय. आपण सगळ्यांनी तो कसोटी मालिकेचा निर्णायक सामना म्हणून पाहिला. नोव्हेंबरपासून चाललेल्या अख्ख्या दौऱ्याचाही तो निर्णायक सामना होता, हे समालोचनात कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणणार कसे? तशी मोजणीच नव्हती.

या दौऱ्याची आणखी एक गंमत म्हणजे टी. नटराजन. नेट गोलंदाज (सरावात फलंदाजांना गोलंदाजी करणारा) म्हणून निवडला गेलेला हा डावखुरा, डिसेंबरमध्ये कॅनबेराला आधी एकदिवसीय आणि दोनच दिवसांनी टी-ट्वेन्टी पदार्पण करून बसला. संघातले गोलंदाज एकामागून एक जायबंदी होत गेले आणि जानेवारीत गॅबाला त्याच्या हातात कसोटीचा लाल चेंडूही आला. एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत पदार्पण करणारा तो पहिला भारतीय. वॉशिंग्टन सुंदरही टी-ट्वेन्टीनंतर नेटमध्ये गोलंदाजी करायलाच थांबला होता. गॅबाला पहिल्या डावात त्याने तीन बळी घेतले आणि ६२ धावा केल्या. तिन्ही प्रकारांसाठी तीन वेगळे संघ पाठवायचे आणि काम झाले की विमानात बसवायचे, ही आजची रीत तेव्हा कोरोनाच्या साथीच्या निर्बंधांमुळे मोडली होती. त्यातूनच हे घडले.

पुरुषांच्या दौऱ्यांनाही अशीच एकत्र मोजणी लावावी, या माझ्याच सूचनेतली अडचण आता सांगतो. २०१७-१८ मध्ये आपण दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका १-२ अशी हरलो, एकदिवसीय ५-१ जिंकलो, टी-ट्वेन्टी २-१ जिंकलो. गुण भरले तर भारत १८, दक्षिण आफ्रिका १२. कसोटी हरलो आणि दौरा मोठ्या फरकाने जिंकलो! विराट कोहलीने त्या सहा एकदिवसीय सामन्यांत ५५८ धावा केल्या आणि कुलदीप-चहल जोडीने ३३ बळी घेतले, ते सगळे मान्य. तरी हा निकाल गळ्याखाली उतरत नाही. कारण उघड आहे. एकदिवसीय सामने सहा ठेवायचे की तीन, हे प्रक्षेपणाच्या करारांवर ठरते आणि त्यावर दौऱ्याचा विजेता ठरू नये. म्हणून पुरुषांसाठी कसोटीला मूळचे ६ गुणच असावेत. मग त्या दौऱ्यात तीन कसोटींचे १८ आणि पांढऱ्या चेंडूच्या (म्हणजे मर्यादित षटकांच्या) नऊ सामन्यांचे १८ असा समतोल होतो. त्या हिशेबानेही भारत २०-१६ असा पुढे राहतो. तेव्हा गळ्याखाली उतरो न उतरो, तो दौरा आपण जिंकला होता. कसोटीला ६ धरले तर न्यूझीलंडचा आणि गॅबाचा निकालही बदलत नाही, फक्त आकडे बदलतात. गॅबाआधीची बरोबरी तर १५-१५ अशी तशीच राहते.

‘संघच वेगळे, मग एकत्र बेरीज कशाला?’ हा आक्षेप मला फारसा पटत नाही. २०२३-२४ ला दक्षिण आफ्रिकेत टी-ट्वेन्टीला सूर्यकुमार यादव, एकदिवसीयला के. एल. राहुल आणि कसोटीला रोहित शर्मा असे तीन कर्णधार होते. पण अंगावरचा बिल्ला एकच होता ना? उलट बेरीज एकत्र असेल तर पहिल्या तुकडीने गमावलेले गुण तिसऱ्या तुकडीला भरून काढावे लागतील, आणि बुमराहला कुठल्या सामन्यात विश्रांती द्यायची याचाही विचार जरा जास्त होईल. त्या दौऱ्यात टी-ट्वेन्टी १-१, एकदिवसीय २-१, कसोटी १-१. केपटाऊनची शेवटची कसोटी अवघ्या ६४२ चेंडूंत, दीड दिवसात संपली आणि ती जिंकून भारताने केवळ मालिका वाचवली असे आपण वाचले. गुण धरले असते तर त्याच विजयाने दौरा जिंकला होता.

जागतिक कसोटी स्पर्धेचे गुण वेगळे आहेत, विजयाला १२ आणि अनिर्णितला ४. ते तसेच चालू राहू देत. एका सामन्याची नोंद दोन तक्त्यांत झाली तर बिघडत काहीच नाही.

खरी अडचण निराळीच आहे. तिन्ही प्रकारांचा सलग दौराच आता दुर्मीळ होत चालला आहे. ऑस्ट्रेलियात २०२४-२५ ला फक्त पाच कसोटी झाल्या, पांढऱ्या चेंडूचे सामने पुढच्या ऑक्टोबरला. इंग्लंडमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात पुरुष संघ पाच कसोटी खेळून परतला. सराव सामन्यांचे तर बोलायलाच नको. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात इसेक्स या कौंटी संघाविरुद्धचा चार दिवसांचा सामना तीन दिवसांवर आणला गेला आणि पुढे कसोटी मालिका ४-१ ने गेली. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही, पण मंडळाने तो तपासायला हरकत नव्हती.

महिलांच्या बाबतीत तक्रार उलटी आहे. तक्ता आहे, पण कसोटी एकच, तीही बहुधा चार दिवसांची. एक दिवस पाऊस आला की चार गुणांची वाटणी ठरलेली. २०२३ च्या अ‍ॅशेसमध्ये ट्रेंट ब्रिजला महिलांची कसोटी पाच दिवसांची ठेवली होती. ती अपवाद न राहता नियम व्हायला हवी, आणि एकाऐवजी दोन कसोटी झाल्या तर सोन्याहून पिवळे.

बीसीसीआय किंवा आयसीसी एका वाचकाच्या पत्रावरून काही करणार नाही, याची कल्पना आहे. आपण मात्र करू शकता. पुढच्या परदेश दौऱ्यात क्रीडापानाच्या कोपऱ्यात चार ओळींचा एक तक्ता रोज द्यावा: कसोटी विजयाला ६, अनिर्णित राहिल्यास तीन-तीन, एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी विजयाला २, सामना वाहून गेल्यास एकेक. सुपर ओव्हरचा विजय हा विजयच धरावा. मोजणीला कोणी हवे असल्यास मी विनामोबदला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक