‘तरंगिणी’चे दोर आणि एमडीएफची धूळ

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुटीतील छंदांवर जो लेख आला, त्यात स्क्रोल सॉ या खाली-वर चालणाऱ्या बारीक पात्याच्या करवत यंत्रावर एमडीएफच्या, म्हणजे तंतू दाबून बनवलेल्या, पातळ फळीतून शिडाच्या जहाजाचे चित्र कापण्याची कृती दिली आहे. चित्र चिकटवा, कापा आणि रंगवा, एवढ्यात ती संपते. शिवाय हे काम मुलांना बरोबर घेऊन घरच्या घरी दोन-तीन तासांत होईल, असे आश्वासनही लेखात आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालो आहे आणि गेल्या पावसाळ्यात अशाच एका जहाजावर माझे सात आठवडे गेले. छंद उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु लेखात चित्राविषयीची एक आणि धुळीविषयीची एक अशा दोन गोष्टी राहून गेल्या आहेत, आणि त्यांतली दुसरी राहून जाणे मला गैर वाटले, म्हणून हे पत्र.

मी कापायला घेतले ते भारतीय नौदलाचे शिडाचे प्रशिक्षण जहाज ‘तरंगिणी’. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झालेले हे तीन डोलकाठ्यांचे जहाज सुमारे ५४ मीटर लांब आहे. त्यावर एकूण २० शिडे चढतात. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्यांना टांगलेली चौकोनी शिडे असतात, तर मागच्या डोलकाठीवरची शिडे जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभारलेली असतात. हे जहाज मी ४५ सेंटिमीटर लांबीत बसवले, म्हणजे ते मूळ आकाराच्या १२०व्या हिश्शाचे झाले. या हिशेबाने अडीच सेंटिमीटर जाडीचा दोर चित्रात जेमतेम ०.२ मिलिमीटर भरतो. ३ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफमध्ये २ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टी माझ्या हातून तरी शाबूत राहत नाही, आणि २ मिलिमीटरची पट्टी म्हणजे प्रत्यक्षातला वीतभर जाडीचा दोर! त्यामुळे छायाचित्रात दिसणारा प्रत्येक दोर कापायचा हट्ट धरला, तर जहाजाऐवजी गजांची खिडकी तयार होते. डोलकाठ्यांना पुढून, मागून आणि बाजूंनी तोलून धरणारे मुख्य दोर मी ठेवले आणि शिडे फिरवण्याचे बहुतेक सगळे गाळले. नौदलातला माणूस त्यावर हसेल, पण त्याला जहाज ओळखू येईल.

दुसरी अडचण ‘ठ’ अक्षराची आहे. फळीतून ‘ठ’ आरपार कापून पाहा. आतला गोल भाग आधार नसल्याने खाली गळून पडतो. जहाजाच्या चित्रात असे ‘ठ’ पावलोपावली भेटतात. आकाश कापून काढायचे ठरवले, तर प्रत्येक शीड कशाला तरी, म्हणजे काठीला, दोराला किंवा शेजारच्या शिडाला, जोडलेले राहिलेच पाहिजे, आणि अख्खे जहाज पुन्हा बाहेरच्या चौकटीला. मी डोलकाठ्यांची टोके वरच्या चौकटीला टेकवली, मागचा ध्वज बाजूच्या चौकटीपर्यंत फडकवला आणि खाली लाटा सलग ठेवल्या. शिडांच्या कापडाचे जोड मात्र तुकडा न काढता नुसत्या एका फटीने दाखवता येतात. काळ्या पेनने कागदावर हे सगळे ठरवण्यात माझे तीन आठवडे गेले, आणि खरे चित्र तिथेच होते की बिघडते, असे माझे मत आहे. तयार नकाशा उतरवून घेणाऱ्यानेही कापण्यापूर्वी प्रत्येक काळ्या, म्हणजे न कापता राहणाऱ्या, भागावरून बोट फिरवून तो चौकटीपर्यंत पोचतो की नाही, हे पाहावे.

पात्याबद्दलही लेखात चकार शब्द नाही. स्वस्त यंत्रांवर टोकाला आडवी पिन असलेले पाते येते आणि ती पिन ओवण्यासाठी मोठे भोक पाडावे लागते. दोरांच्या मधले चिमुकले त्रिकोण त्या भोकातच संपून जातात. बिनपिनच्या पात्याला मिलिमीटरभराचे भोक पुरते. माझ्या ‘तरंगिणी’त दीडशेच्या वर भोके आहेत, आणि प्रत्येक वेळी पात्याचे वरचे टोक सोडवायचे, ते भोकातून ओवायचे, पुन्हा आवळायचे आणि ताण तपासायचा, हा क्रम चुकत नाही. आधी आतल्या लहान जागा कापाव्यात, मग मोठ्या, आणि बाहेरची कड अगदी शेवटी, म्हणजे हाताखाली फळीचा भक्कमपणा शेवटपर्यंत टिकतो. मी घाईने आकाशाचा मोठा तुकडा आधी काढला आणि नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, दोर तीनदा मोडून घेतला. लाकडापेक्षा एमडीएफ एका बाबतीत सोयीचे आहे, ते मान्य केले पाहिजे. त्यात तंतूंची ठरावीक दिशा नसल्यामुळे पाते रेषा सोडून भरकटत नाही आणि सर्व बाजूंना काप सारखाच येतो. त्यातल्या डिंकामुळे पाते लवकर बोथट होते, ही त्याची किंमत.

आता धुळीविषयी. लेखात एमडीएफला सरळ ‘लाकूड’ म्हटले आहे. वस्तुतः लाकडाचे (आपल्याकडे काही ठिकाणी उसाच्या चिपाडाचेही) तंतू वेगळे करून, ते बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकट राळेत कालवून, उष्णता आणि दाब देऊन ही फळी बनवतात. कापताना तिचा रंध्यासारखा भुसा पडत नाही, पिठासारखी धूळ उडते आणि ती बराच वेळ हवेत तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. साध्या लाकडाची धूळ त्याच गटात १९९५ सालापासून आहे, त्यामुळे सागवान कापणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. एका चित्राने कोणाला आजार होईल असे मी म्हणत नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलाला बंद खोलीत, तोंडाला काही न बांधता या यंत्रासमोर बसवा, असे सुचवणारा मजकूर वर्तमानपत्राने छापू नये. स्क्रोल सॉला रेषेवरची धूळ उडवणारी एक फुंकणी असते. तिच्यामुळे रेषा स्वच्छ दिसते खरी, पण उडालेली धूळ काम करणाऱ्याच्याच आसपास घुटमळत राहते.

मी गच्चीवर, वाऱ्याला पाठ देऊन, एन-९५ मुखपट्टी आणि चष्मा लावून काम केले. रुमाल पुरत नाही, हे संध्याकाळी नाक शिंकरल्यावर कळते. झाडू मारल्यास बसलेली धूळ पुन्हा उठते, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपावी. आकाशाचे आणि लाटांचे उरलेले तुकडे पाणी तापवण्याच्या बंबात घालण्याचा मोह कोकणात तरी कोणालाही होईल. तो टाळावा, कारण जळताना त्यातली राळ धुरातून बाहेर पडते.

पुरवणीत हा लेखाचा पहिलाच भाग असून पुढच्या भागात रंगकाम येणार आहे, असे दिसते. त्या भागासोबत मुखपट्टीविषयी, मोकळ्या हवेविषयी आणि मुलांना यंत्रावर न बसवता रेखाटनात सहभागी करून घेण्याविषयी चार ओळींची चौकट द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक, रत्नागिरी