फरकाच्या रेषेवरचा पेन्सिलीचा गोल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

सिंटरच्या (झोतभट्टीसाठी लोहखनिजाची भुकटी भाजून केलेल्या ढेकळांच्या) नमुन्यांच्या एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेनं स्फटिक ओळखून मोजण्याच्या, अहवालाबद्दल आभार मानायचेच आहेत, पण त्याहून जास्त आभार एका गोलाचे. आलेखाखाली मोजलेलं आणि गणितानं काढलेलं यांच्यातल्या फरकाची रेषा असते. तिच्या डाव्या टोकाला तुम्ही पेन्सिलीनं गोल काढलात आणि शेजारी लिहिलंत, "इथे जुळत नाही, या आकड्यावर भिस्त ठेवू नका." स्वतःच्या अहवालातली कच्ची जागा न विचारता दाखवणारा माणूस या धंद्यात विरळाच.

आधीच्या प्रयोगशाळेनं (नाव घेत नाही) एक पानी तक्ता दिला होता: हेमाटाइट, मॅग्नेटाइट (दोन्ही लोहाची ऑक्साइडं), 'कॅल्शियम फेराइट', बेरीज बरोबर १००. कच्चा डेटा मागितला तर "सॉफ्टवेअरनं असंच दिलंय". अहो, रीटवेल्डची (आलेखाशी गणित जुळवून स्फटिकांचं प्रमाण काढण्याच्या पद्धतीची) बेरीज १०० येतेच, ती तशीच आणली जाते! नमुन्यातली काच, म्हणजे स्फटिक न झालेला भाग, त्यात दिसत नाही. तुम्ही मिश्रणाच्या २० टक्के कोरंडम (अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक) तोलून मिसळलंत. ते विश्लेषणात २५ टक्के आलं, तर मूळ नमुन्याचा चौथा हिस्सा अस्फटिकी, इतकं सरळ गणित. कोरंडमची बाटली त्यांच्याकडेही असेलच.

आणि 'कॅल्शियम फेराइट' ही एकच ओळ! त्यात दोन वेगळे स्फटिक येतात. पायरॉक्सीनसारखे आणि स्पिनेलसारखे (ही खनिजांची दोन कुळं) थर एकाआड एक बसले की एसएफसीए (कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमचं सिलिको-फेराइट), २० ऑक्सिजनमागे १४ धनायन (धातूंचे वगैरे धन भाराचे अणू). एका पायरॉक्सीन थरामागे दोन स्पिनेल थर आले की एसएफसीए-१, २८ मागे २०. दुसऱ्यात सिलिका जवळजवळ नसतेच. आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात पायरॉक्सीन आणि मॅग्नेटाइट, म्हणजे स्पिनेलच, वेगवेगळे कण होऊन बसतात. इथे तेच दोन साचे एका स्फटिकात थरावर थर रचलेले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ट्रायक्लिनिक (सगळे कोन तिरके असलेल्या) रचनेची भीती गेली. एसएफसीएची रचना १९८९ पासून आणि एसएफसीए-१ ची १९९८ पासून छापील आहे. ती न वापरता दोघांना एका ओळीत कोंबणं हा निव्वळ आळस. सिंटरची ताकद आणि क्षपणक्षमता (भट्टीत ऑक्सिजन सोडण्याची क्षमता) यांसाठी बारीक, एकमेकांत गुंतलेलं एसएफसीए-१ हवं असतं. ते किती, हेच तर विचारलं होतं.

दोघांची मोठी शिखरं एकमेकांवर चढतात, फरक दिसतो तो कमी कोनांत. तुमचा गोल नेमका तिथेच होता. आधीच्यांनी तांब्याची एक्स-रे नळी वापरलेली. तांब्याची किरणं साधारण ८.०५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची, लोहाची शोषणकडा (जिच्या वरची किरणं लोह जोरात शोषतं ती सीमा) ७.११ वर, म्हणजे नमुन्यातलं लोहच चमकून पार्श्वभूमी उचलतं आणि तिथली बारकी शिखरं बुडतात. कोबाल्टची किरणं ६.९३ ची, कडेच्या खाली. शिवाय लोहानं होणारं शोषण बरंच घटतं, त्यामुळे हेमाटाइट आणि सिलिकेट यांच्या वाट्यातली चूकही कमी होते.

भुकटी वरून काचेनं दाबायची नाही, साचा मागून भरायचा, नाहीतर फेराइटचे लांबट कण आडवे पडून काही शिखरं उगाच फुगतात. चकतीच्या चक्कीत कोरडं रगडत बसायचं नाही, स्फटिक मोडतो. शेवटची दळण अल्कोहोलमध्ये, थोडा वेळ. यातलं काहीही महागडं नाही. लागते ती फक्त समोरच्याच्या नमुन्याबद्दलची आस्था, आणि तिचं बिल कुणी लावत नाही. तुम्हीही लावलं नाहीत.

पुढच्या खेपेला नमुन्यांसोबत रासायनिक विश्लेषण पाठवत आहोत. तुम्ही बजावल्याप्रमाणे फेरस ऑक्साइड (लोहाचं मॅग्नेटाइटमध्ये असणारं, हेमाटाइटमध्ये नसणारं रूप) टायट्रेशननं वेगळं मोजून घेतलंय, नुसतं एकूण लोह नाही. मॅग्नेटाइटचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा, आणि जुळला नाही तर गोल काढाच.

आपले कृतज्ञ,
सातपूर, नाशिक