शिंगं शेवटी, मांस आधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या एका शिकाऱ्याचा शिंगांसकट फोटो छापून आला आणि त्यानंतर दोन आठवडे वाचकांची पत्रं येत होती. बहुतेकांचा सूर एकच, की ही माणसं जनावर मारतात, शिंगं भिंतीला लावतात आणि मांस जंगलात कुजायला टाकून येतात. शिकारीबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या. पण मांस टाकून येतात हे मला मान्य नाही, आणि मी ऐकीव सांगत नाही. लालबागला मी ४१ वर्षं मटणाचं दुकान चालवलं. माझी थोरली मुलगी १४ वर्षं कॉलराडोत आहे, तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे आणि दर ऑक्टोबरात एकटी शिकारीला जाते. गेल्या वर्षी त्या दिवसांत मी तिच्याकडे होतो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी, असं माझं मत आहे. माझे आजोबा गावच्या पारधीला जात. डुक्कर पडलं की बांबूला बांधून सहा जण आळीपाळीने खांद्यावर आणत आणि घरटी वाटे पडत. तो काळ गेला. तिकडे मात्र कुठल्या भागात किती नर आणि किती माद्या मारायच्या हे राज्य सरकारच ठरवतं. परवाना घेण्याआधी शिकवणीचा वर्ग करावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी परवान्यासाठी सोडत निघते. पोरीला एल्कच्या मादीचा परवाना लागला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं जनावर. मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरते.

पहाटे अंधारात ती निघाली. "आप्पा, तुम्ही गाडीपाशीच थांबा," म्हणाली. नऊ हजार फुटांच्या वरची जागा, माझं वय ६८, चार पावलं चाललं तरी धाप लागत होती. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून दोघांकडे उपग्रहावरून निरोप पाठवायचं एकेक यंत्र होतं. पावणेआठला निरोप आला : मादी पडली, मी ठीक आहे, वेळ लागेल. पुढचे सात तास मी गाडीत बसून काढले. मुलगी एकटी, हातात सुरी, आणि जवळचा दवाखाना दीड तासावर. गोळीचा आवाज ऐकू आला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. काळजी सुरू झाली ती या निरोपानंतर.

तीनच्या सुमारास ती पाठीवर एक अख्खी मांडी घेऊन उतरली. आम्ही खाटीक तिला रान म्हणतो. हाडासकट एकवीस-बावीस किलोंचं ओझं, दोन्ही हातांत काठ्या, डाव्या अंगठ्याला पट्टी. सांधा सोडवताना सुरी निसटली होती. थंडीत बोटं बधिर होतात, सगळं रक्ताने निसरडं झालेलं असतं, आणि धरायला दुसरा हात नसतो. दुकानात मी कापायचो तेव्हा पाय धरायला पोऱ्या असायचा, बोकडही आकड्याला टांगलेला असायचा. तिने मादीचा वरचा पाय दोरीने झाडाला ताणून बांधला होता. तोच तिचा पोऱ्या.

दुसऱ्या दिवशी हट्टाने मी तिच्याबरोबर वर गेलो. अडीच किलोमीटर चालायला मला दोन तास लागले. वर काय राहिलं होतं ते पाहून मात्र मी तिथेच एका ओंडक्यावर बसलो. अशा कामात उरलेला सांगाडा बघितला की करणाऱ्याचा हात कळतो. पोट फाडलेलंच नव्हतं. जनावर कुशीवर पडलेलं असतानाच तिने पाठीच्या कण्यावरून कातडं चिरलं होतं आणि खाली पोटाकडे सोलत नेलं होतं, म्हणजे तेच कातडं खाली अंथरुणासारखं पसरतं आणि मांसाला माती लागत नाही. मग खांदा. पुढच्या पायाला धडाशी हाडाचा सांधा नसतोच, नुसतं मांस असतं, त्यामुळे सुरी बरगडीला टेकवून फिरवली की तो सुटतो. मागच्या मांडीला मात्र खुब्याचा गोळा शोधावा लागतो. तो सापडला की आतला एक चिवट बंध तोडायचा आणि पाय बाहेर. मग पाठीचं लांब मांस, मानेचं, फासळ्यांमधलं. अंडरकट, म्हणजे कण्याखालचं लुसलुशीत मांस, आतल्या बाजूला असतं. त्यासाठी शेवटच्या बरगडीमागे हात घालून कोथळा खाली दाबायचा आणि बोटांनीच ते सोडवायचं. एक बाजू झाली की धड उलटं करायचं आणि पुन्हा तेच. एवढं झालं की धड हलकं झालेलं असतं, एकटं माणूस उलटवू शकतं. सगळ्यात शेवटी छातीकडून हात घालून काळीज काढलं होतं. सत्तूर कुठेही लागला नव्हता, एक हाड तुटलं नव्हतं. माझ्या दुकानात सत्तुराचा आवाज सकाळभर चालायचा. हे पाहून मला माझ्या पोरीचा अभिमान वाटला, तो इथे लिहायला मला संकोच नाही.

मांस तिथे नव्हतं. ते तिने शंभर पावलं लांब, देवदारासारख्या झाडांच्या सावलीत, सुती पातळ पिशव्यांत घालून फांदीला टांगलं होतं. लांब यासाठी की उरलेल्यावर अस्वल आलं तर माणसाची आणि त्याची गाठ पडू नये. सुती पिशवी यासाठी की माशी बसू नये, पण वारा लागावा. प्लास्टिक अजिबात नाही. जनावराची ऊब आत कोंडली की सगळ्यात जाड जागी, म्हणजे मांडीत खुब्याच्या हाडाशी, मांस आंबतं. वरून ताजं दिसतं आणि आतून गेलेलं असतं. म्हणून एल्कचं लोकरीसारखं जाड कातडं शक्य तितक्या लवकर उतरवायचं आणि प्रत्येक तुकडा सुटा टांगायचा, एकावर एक रचायचा नाही. बाहेर रात्री शून्याखाली तापमान गेलं होतं, तरी तिने ही काळजी घेतली होती.

चार फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी एकेक करून दोन मांड्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही खांदे एकत्र आणि शेवटी सुटं मांस व मुंडकं. हाडांसकट नव्वदेक किलो मांस आणि १७-१८ किलोमीटरची चाल. एका मांडीला कासेचा तुकडा तसाच ठेवला होता, कारण वाटेत अधिकाऱ्याने अडवलं तर मादीच आहे हे दाखवता आलं पाहिजे. मुंडकं तपासणीसाठी द्यायचं होतं. हरणांच्या मेंदूचा एक रोग तिकडे आहे, तो १९६७ मध्ये पहिल्यांदा कॉलराडोतच दिसला. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध नाही, पण मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मगज यांना हात लावू नका असं सांगतात. जन्मभर भेजा विकणाऱ्या मला तिने भेज्याकडे बघूही दिलं नाही. अहवाल स्वच्छ येईपर्यंत घरात त्या मांसाचा एक तुकडा शिजला नाही.

आता कायदा. कॉलराडोत चारही पाय, पाठीचं मांस आणि अंडरकट आणलंच पाहिजे. ते टाकून नुसतं मुंडकं किंवा शिंगं घेऊन जाणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. अलास्कात मूस, म्हणजे एल्कहूनही मोठं हरीण, मारला तर मानेचं आणि फासळ्यांचंही मांस आणावं लागतं, आणि मांस बाहेर निघाल्याशिवाय शिंगं हलवायची नाहीत. फोटोतल्या शिंगांच्या आधी ओझ्याच्या सात-आठ फेऱ्या झालेल्या असू शकतात, त्या फोटोत येत नाहीत. पोरीने आदल्या दिवशी याहून मोठी मादी पाहिली होती, पण ती दरीत खोल होती. एकटीला वर आणता येणार नाही म्हणून तिने बंदूक उचललीच नाही.

हे सगळं मी मुंबईच्या पेपरात का लिहितो? देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला, त्याआधी माझे वडील वांद्र्याहून माल आणत. तेव्हापासून आजतागायत गरम बोकड टेम्पोत एकावर एक रचून आणायची खोड गेलेली नाही. काही वर्षांपूर्वी ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात एका वाहतूकदाराचा बंद टेम्पो माझा माल घेऊन सायनला अडीच तास अडकला. अकरा बोकड होते. वरचे ठीक निघाले, मधल्या चारांना मांडीच्या सांध्याशी वास. नेमकी तीच जागा, जी पोरगी डोंगरात जपत होती. ते चार मी फेकून दिले. पैशांचं दुःख होतंच, पण चार जीव कुणाच्याही पोटात न जाता कचऱ्यात गेले, ते मला आजही सलतं. दुसऱ्या दुकानात ते मिठाच्या पाण्याने धुऊन विकले गेले असते, हेही मला ठाऊक आहे.

अमेरिकेत मांस टाकतात म्हणून हळहळणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, की एकदा पहाटे आपल्या गल्लीतल्या दुकानापुढे टेम्पो उघडतो तेव्हा उभं राहून बघा. आणि महापालिकेला विनंती, की मांस वाहून नेणाऱ्या प्रत्येक गाडीत टांगायचे आकडे आणि थंड हवेची सोय आहे की नाही हे कत्तलखान्याच्या फाटकावरच तपासावं. मांसात खुपसायचा तापमापक फार महाग नसतो. पोरीच्या खिशात होता.

माझं दुकान आता भाचा बघतो. परत आल्यावर त्याच्या टेम्पोत मी सोळा आकडे बसवून घेतले आणि एक नियम घातला, की दोन धडांमध्ये हात जाईल इतकी जागा पाहिजे. फेरीत पूर्वीपेक्षा सहा बोकड कमी बसतात. तो कुरकुरतो, पण टांगतो. पहाटे पाचला टेम्पो दुकानासमोर लागतो, कुणाही दुकानदाराने येऊन पाहावा.

आपला,
एक निवृत्त खाटीक
लालबाग, मुंबई १२