हेल्थ गॅजेटच्या रिव्ह्यूत बॅटरीच्या पुढचंही येऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर स्मार्टवॉच, स्मार्ट रिंग, फिटनेस बँड यांच्याबद्दल जे काही छापून येतं ते मी न चुकता वाचते, आणि दरवेळी एकच गोष्ट खटकते म्हणून आज लिहायला बसलेय. स्क्रीन उन्हात दिसते का, बॅटरी किती टिकते, कुठल्या फोनला जोडता येतं हे सगळं अगदी सविस्तर असतं आणि मग हेल्थ फीचर्सची नुसती यादी येते, ईसीजी आहे, ऑक्सिजन आहे, झोप आहे, स्ट्रेस आहे, झालं. म्हणजे ज्याच्यासाठी घरातल्या वयस्कर माणसाला ते घड्याळ घेऊन दिलं जातं त्याच्याबद्दल वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तो आकडा कितपत खरा, तो बिघडलेला दिसला तर पुढे काय करायचं, आणि ती माहिती शेवटी जाते कुठे, एवढं तरी रिव्ह्यूत यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

कारण हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. २०१८ मध्ये अॅपलच्या घड्याळातल्या ईसीजीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली आणि तिथून चित्र बदललं. २०२४ मध्ये तर बघा, इन्शुलिन न घेणाऱ्या मोठ्या माणसांसाठी दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, झोपेत श्वास अडकतो का याची सूचना देणारं फीचर घड्याळात आलं, आणि एअरपॉड्स प्रो २ या अॅपलच्या इअरबड्सना सॉफ्टवेअरच्या जोरावर श्रवणयंत्र म्हणून काम करायला मान्यता मिळाली, तेही कमी किंवा मध्यम प्रमाणात ऐकू येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. श्रवणयंत्र लावायची लाज वाटते म्हणून वर्षानुवर्षं घरातल्या गप्पांमधून बाजूला पडलेली माणसं आपण सगळ्यांनीच बघितली आहेत, त्यांच्यासाठी ही खरंच मोठी सोय आहे.

पण यातलं प्रत्येक यंत्र नेमकं काय करू शकतं आणि काय नाही हे सांगणं तितकंच गरजेचं आहे, आणि तिथेच सगळे घाईत पुढे जातात. ईसीजीचंच घ्या. हॉस्पिटलमध्ये १२ लीडचा ईसीजी काढतात, म्हणजे हृदयाकडे १२ बाजूंनी बघतात. घड्याळ एकाच बाजूने बघतं. त्याला ठोके अनियमित पडताहेत का, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता आहे का, एवढं बऱ्यापैकी ओळखता येतं. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, आणि हे कंपनी स्वतःच सांगते, फक्त ते लहान अक्षरात असतं. आता विचार करा, रात्री एखाद्याच्या छातीत दुखायला लागलं, त्याने घड्याळावर बोट ठेवलं, तिथे सगळं नॉर्मल दिसलं आणि सकाळी बघू म्हणून तो झोपला. घड्याळाने काहीही चुकीचं सांगितलेलं नाही, त्याला विचारलेला प्रश्नच त्याच्या आवाक्याबाहेरचा होता, पण हे त्या माणसाला कुणी सांगितलं होतं का? छातीत दुखत असेल तर घड्याळ न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं, हे वाक्य ईसीजीवाल्या प्रत्येक घड्याळाच्या रिव्ह्यूत ठळक छापायला हवं.

उलट बाजूही आहे. घड्याळाने अनियमित ठोक्यांची सूचना दिली की घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अॅपल हार्ट स्टडी नावाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४,१९,२९७ लोक होते आणि त्यातल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना आली. ज्यांना आली त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ठोके नोंदवणारा पॅच लावून तपासून घेतलं त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांमध्ये तो दोष पॅचवर सापडला. आता यावरून बाकीच्या सगळ्यांना खोटी सूचना आली असंही म्हणता येत नाही, कारण हा दोष बऱ्याच जणांमध्ये येतो-जातो आणि पॅच सूचनेनंतर काही दिवसांनी लावलेला होता. म्हणजे सूचना आली तर घाबरून रात्री धावपळ करायची गरज सहसा नसते पण दुर्लक्षही करायचं नाही, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायची आणि घड्याळातली ठोक्यांची नोंद फाइल करून सोबत न्यायची. चक्कर, धाप किंवा छातीत दुखणं सोबत असेल तर मात्र थांबायचं नाही. एवढं दोन ओळीत लिहिता येतं.

साखरेच्या बाबतीत तर फसवणूकच चालते. दंडावरच्या सेन्सरचं बारीक तारेसारखं टोक कातडीखाली जातं आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतं, मग तो आकडा फोनवर किंवा घड्याळावर दिसतो. घड्याळावर आकडा दिसतो म्हणून लोकांना वाटतं घड्याळच साखर मोजतं, आणि नेमका याच गैरसमजाचा फायदा घेऊन काही विक्रेते न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या विकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट इशारा दिला की कातडीला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. अशा खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी इन्शुलिनचा डोस ठरवला तर जीवावर बेतू शकतं. ऑनलाइन जाहिरातींमध्ये हे प्रकार राजरोस दिसतात तेव्हा निदान वर्तमानपत्राने तरी याबद्दल आवाज उठवावा.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगते. ऑक्सिजन मोजणारं यंत्र लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश कातडीतून पाठवून रक्ताचा रंग वाचतं, त्यामुळे कातडीचा रंग मध्ये येतो. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात हॉस्पिटलच्या यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के निघालं. ही हॉस्पिटलच्या यंत्राची गोष्ट झाली, मनगटावरच्या घड्याळातला ऑक्सिजन तर बहुतेक कंपन्या वैद्यकीय वापरासाठी नाही असंच सांगून विकतात.

आता चॅटबॉट, म्हणजे प्रश्न टाइप केला की उत्तर देणारी एआयची अॅप. रिपोर्टचा फोटो टाकायचा आणि विचारायचं, हे आता घरोघरी चाललंय आणि त्याला नावं ठेवण्यात मला काही अर्थ वाटत नाही, कारण डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि रिपोर्टमधले शब्द कुणालाच समजत नाहीत. पण ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेला एक अभ्यास सगळ्यांनी माहीत करून घ्यावा. त्यांनी १,२९८ लोकांना डॉक्टरांनी लिहिलेली आजारपणाची उदाहरणं दिली. तीच उदाहरणं थेट चॅटबॉटच्या मॉडेलला दिली तेव्हा त्याने ९४.९ टक्के वेळा आजार बरोबर ओळखला, पण साध्या माणसांनी त्याच मॉडेलशी गप्पा मारत शोधलं तेव्हा हे प्रमाण ३४.५ टक्क्यांच्याही खाली आलं, म्हणजे चॅटबॉट न वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचं काही बरं झालं नाही. माणसं अर्धवट सांगतात, महत्त्वाचं लक्षण राहून जातं, उत्तरातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं ते कळत नाही. डॉक्टर समोर बसून उलटे प्रश्न विचारत जातात ना, कधीपासून, कुठल्या बाजूला, आधी कधी झालं होतं का, कुठली गोळी चालू आहे, ते काम इथे आपल्यावर येऊन पडतं आणि आपल्याला ते येत नाही. माझ्या अनुभवात चॅटबॉटचा खरा उपयोग अपॉइंटमेंटच्या आधी होतो, डॉक्टरांना काय काय विचारायचं त्याची यादी करायला आणि रिपोर्टमधल्या शब्दांचा साधा अर्थ समजून घ्यायला. गोळी बंद करू का, वाढवू का, हे त्याला विचारायचं नाही.

आणि मला सगळ्यात जास्त ज्याच्याबद्दल बोलायचंय ते म्हणजे कागद. माझी आई वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाते आणि प्रत्येक ठिकाणचं वेगळं अॅप आहे. एकात रक्ताचे रिपोर्ट, दुसऱ्यात प्रिस्क्रिप्शन, तिसऱ्यात स्कॅन, आणि एकालाही दुसऱ्याचं काही दिसत नाही, त्यामुळे डॉक्टर विचारतात रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का आणि आम्ही फोन चाळत बसतो. दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला नवीन आकड्यांची तेवढी गरज नसते जेवढी जुने सगळे एका जागी मिळण्याची असते. ही अडचण तंत्रज्ञानाची नाही बरं का, एका यंत्रणेतली आरोग्याची माहिती दुसरीला समजेल अशा पद्धतीने पाठवण्यासाठी एफएचआयआर नावाचं स्टँडर्ड कधीचं तयार आहे, प्रश्न आहे तो अॅपवाले ते वापरून आपली माहिती बाहेर काढू देतात की नाही याचा. बरीच अॅप फार तर एक पीडीएफ हातात देतात.

त्यातच ही सगळी अॅप असं धरून चालतात की पेशंट स्वतः फोन हातात घेऊन बसलाय. प्रत्यक्षात आजारी माणसाचा मुलगा, मुलगी, सून नाहीतर शेजारी हे सगळं सांभाळत असतात, त्यांचाच पासवर्ड, त्यांच्याच फोनवर ओटीपी, आणि ते कामावर असले की ओटीपीसाठी सगळं अडतं. घरातल्या माणसाला रीतसर, मर्यादित परवानगी देऊन माहिती बघू देणारी सोय काही अॅपमध्ये असते पण इतकी आत लपवलेली असते की सापडत नाही. ती आहे का आणि कुठे आहे हे रिव्ह्यू लिहिणाऱ्याने शोधून सांगितलं तर कितीतरी घरांचा त्रास वाचेल.

माहिती कुठे जाते हेही सांगायला हवं. गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या सेवेने लोकांची आरोग्याची माहिती न विचारता फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिली असा आरोप अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये केला आणि कंपनीने १५ लाख डॉलर दंड मान्य केला. त्याच वर्षी ट्वेंटी-थ्री-अँड-मी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा लोकांच्या जनुकांच्या माहितीचा मालक कोण होणार हा प्रश्न कोर्टात जाऊन पोचला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही, आणि त्यात तुमच्या भावंडांची आणि मुलांची पण माहिती असते ज्यांना कुणी विचारलेलं नसतं.

तेव्हा संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच आहे की हेल्थ गॅजेट किंवा अॅपचा रिव्ह्यू छापताना त्या फीचरला वैद्यकीय मान्यता आहे की ते नुसतं वेलनेस म्हणून विकलं जातंय हे लिहा, ते काय ओळखू शकत नाही ते लिहा, अकाउंट बंद केल्यावर माहिती खरंच पुसली जाते का ते विचारून लिहा, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने स्वतः ती माहिती त्या अॅपमधून बाहेर काढून एखाद्या डॉक्टरांना दाखवून बघावी आणि डॉक्टर त्यावर काय म्हणाले ते छापावं. बॅटरीसाठी अर्धा कॉलम जातोच आहे, त्यातली थोडी जागा याला द्या.

आपली,
एक नियमित वाचक