‘पिंक फ्लॉइड’ची मधली वर्षं म्हणजे नुसती वाट पाहणं नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडच्या, इटलीतल्या प्राचीन पॉम्पेईमधल्या चित्रीकरणाच्या नव्या आवृत्तीवर लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मराठी वृत्तपत्रात रॉक संगीताला एवढी जागा क्वचितच मिळते. मात्र त्यातल्या एका विधानाशी मी अजिबात सहमत नाही आणि त्यासाठीच हे पत्र. बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट बँडमधून बाहेर पडल्यापासून १९७३ साली ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम येईपर्यंत हा बँड ‘चाचपडत होता’ आणि त्या काळातली जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा बाजारात आणणं म्हणजे ‘उरलंसुरलं विकणं’ आहे, असं लेखकाने म्हटलं आहे. चाचपडत होता हे खरंच. पण त्या चाचपडण्यातून काय घडलं, हे ती ध्वनिमुद्रणं ऐकल्याशिवाय कळत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये १९६५ ते १९७२ या काळाचा २७ तबकड्यांचा संच निघाला, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही.

आधी परिस्थिती काय होती ते पाहू. १९६७ मध्ये या बँडची ओळख म्हणजे सिड बॅरेट. गाणी त्याची, आवाज त्याचा, चेहराही त्याचाच. त्याची मनःस्थिती ढासळत गेली, तेव्हा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरला सोबतीला घेतलं गेलं. १९६८ च्या जानेवारीत काही आठवडे बॅरेट, गिल्मोर, रॉजर वॉटर्स, रिक राइट आणि निक मेसन हे पाचजण एकत्र वाजवत होते. मग एके दिवशी साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना बाकीचे बॅरेटला घ्यायला गेलेच नाहीत. एप्रिलमध्ये तो बाहेर पडल्याचं जाहीर झालं. पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग या व्यवस्थापकांनी बँड सोडून बॅरेटची बाजू घेतली, कारण त्याच्याशिवाय उरलेल्यांना भवितव्य आहे असं त्यांना वाटत नव्हतं. ज्यांच्याकडे गाणी लिहिणारा माणूसच उरला नव्हता, अशा चौघांनी पुढची पाच वर्षं काय केलं, हाच तर सगळा विषय आहे!

बॅरेटची ‘व्हेजिटेबल मॅन’ आणि ‘स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम’ ही १९६७ ची दोन गाणी या संचात पहिल्यांदा अधिकृतपणे आली. तोवर ती चोरट्या ध्वनिफितींतूनच फिरत होती. आजारी माणसाची अशी गाणी लोकांसमोर आणावीत का, हा प्रश्न रास्त आहे. माझं मत, आणावीत. चोरट्या प्रतींमधून त्याची गंमत केली जात होती. नीट ध्वनिमुद्रण, तारीख आणि माहितीसह ती समोर आली की त्यातली वेदनाही ऐकू येते आणि हुशारीही.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. १७ सप्टेंबर १९६९ रोजी अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात या चौघांनी ‘द मॅन’ आणि ‘द जर्नी’ असे दोन सलग भाग सादर केले. पहिल्या भागात एका सामान्य माणसाचा दिवस आहे: पहाट, काम, चहा, झोप, वाईट स्वप्न, पुन्हा पहाट. त्या वर्षीच्या या प्रयोगांत ते रंगमंचावर चक्क करवत आणि हातोडा घेऊन लाकूडकाम करायचे. त्याचा ठोका हेच संगीत. मग तिथेच बसून चहा प्यायचे. गाणी बहुतेक आधीचीच होती, फक्त नावं बदलून एका सूत्रात ओवलेली. नेदरलँड्सच्या व्हीपीआरओ रेडिओने हा कार्यक्रम मुद्रित केला होता, म्हणून तो आज आपल्याला ऐकता येतो. ज्याने हा कार्यक्रम लक्ष देऊन ऐकला, तो ‘डार्क साइड’मधली घड्याळं, गल्ल्याचा खणखणाट आणि माणसाच्या आयुष्याचं ते एकसंध चित्र अचानक सुचलं असं म्हणूच शकणार नाही. सुटी गाणी जोडून त्यांचा एक मोठा अर्थ उभा करायचा, ही त्यांची रीत इथे डोळ्यांसमोर तयार होताना दिसते. लेखकाला याला उरलंसुरलं कसं म्हणवलं?

‘अॅटम हार्ट मदर’बद्दल तर लेखात एकच तुच्छतेचं वाक्य आहे. १९७० चं हे दीर्घ सादरीकरण पुढे खुद्द गिल्मोर आणि वॉटर्सलाही आवडेनासं झालं, हे मान्य. पण या संचात ते तीन रूपांत मिळतं. फक्त चौघांनी स्टुडिओत वाजवलेलं सुरुवातीचं रूप, बीबीसीच्या जुलै १९७० च्या मैफलीत वाद्यवृंद आणि गायकवृंदासह, आणि नोव्हेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला पुन्हा चौघांनीच वाजवलेलं. तिन्ही एकामागून एक ऐका. मला तरी असं वाटतं की संगीतकार रॉन गीसिनने त्यावर चढवलेली पितळी वाद्यं बाजूला केली की रिक राइटच्या ऑर्गनवर आणि गिल्मोरच्या गिटारवर उभी असलेली मूळ रचना जास्त मोकळी होते. ही तुलना मूळ तबकडीवर शक्यच नव्हती. पुनर्प्रकाशन याचसाठी असतं.

याच काळात मायकेलअँजेलो अँतोनिओनी यांच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी बँडने रोममध्ये बरंच काम केलं. दिग्दर्शकांना त्यातलं थोडंच पसंत पडलं. राइटने पियानोवर वाजवलेली एक संथ धून त्यांनी नाकारली. तीच धून ‘डार्क साइड’मध्ये ‘अस अँड देम’ झाली. ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ (१९७२) हा अल्बम तर ‘डार्क साइड’ची गाणी रंगमंचावर वाजू लागल्यावर, मधल्या सवडीत, पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत झाला. त्यातल्या ‘फ्री फोर’मध्ये वॉटर्स आपल्या युद्धात गेलेल्या वडिलांबद्दल बोलतो. पुढे ‘द वॉल’ या अल्बममध्ये हा विषय केवढा मोठा झाला, ते सांगायला नको.

पॉम्पेईबद्दल लेखकाने लिहिलं आहे ते बरोबर आहे. त्यात थोडी भर घालतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये एड्रियन मेबेन या दिग्दर्शकाने रिकाम्या रोमन रंगमंडलात, प्रेक्षकांविना, हे चित्रीकरण केलं. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवायला बँड तयार नव्हता, त्यामुळे सगळी यंत्रणा तिथे आणावी लागली आणि वीज दूरवरून केबल टाकून घ्यावी लागली. ‘एकोज’ या दीर्घ रचनेचा सुरुवातीचा तो टणत्कार, म्हणजे लेस्ली या फिरत्या भोंग्याच्या स्पीकरमधून सोडलेला राइटच्या पियानोचा एक स्वर, त्या दगडी पायऱ्यांच्या मधोमध ऐकताना आजही अंगावर काटा येतो. २०२५ च्या आवृत्तीत मूळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून चित्र नव्याने तयार केलं आहे आणि ध्वनीचं मिश्रण स्टीव्हन विल्सनने केलं आहे. निक मेसनचे ड्रम इतके स्वच्छ मी कधीच ऐकले नव्हते. हे सगळं त्याच ‘चाचपडण्याच्या’ वर्षांतलं आहे, एवढंच लेखकाच्या लक्षात आणून द्यायचं आहे.

टीका करायचीच असेल तर खरी जागा वेगळी आहे. २०१६ चा मोठा संच सर्वसामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेरचा होता. दुसऱ्या वर्षी त्यातले सहा भाग सुटे निघाले. सातवा मात्र सुट्या रूपात विकायला ठेवला नाही, आणि बीबीसी रेडिओसाठी केलेली १९६७-६८ ची ध्वनिमुद्रणं नेमकी त्यातच! इतिहासाचा हा तुकडा फक्त पूर्ण संच घेऊ शकणाऱ्यांच्या कपाटात जाऊन बसावा, हे मला पटत नाही. ज्या पिढीने हा बँड कॅसेटवर, मित्रांकडून मागून आणून ऐकला, तिच्यापैकी किती जणांनी तो संच घेतला असेल?

एक विनंती. पुरवणीत पुन्हा या विषयावर लिहाल तेव्हा नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी हेही छापावं. माझ्या मते आधी अॅमस्टरडॅमचा १९६९ चा कार्यक्रम, मग माँत्रोचं ‘अॅटम हार्ट मदर’, मग पॉम्पेईचं ‘एकोज’. जमल्यास त्या लेखकांनीच हा क्रम ऐकून पुढचा लेख लिहावा. त्यांची लेखणी चांगली आहे आणि तो लेख मी आवर्जून वाचेन.

आपला,
एक वाचक, ठाणे