दादरच्या कोहिनूर थेटरचा इतिहास जमवतोय, घरातली जुनी तिकिटं-फोटो द्या आणि जमेल तेवढी वर्गणी पण

नमस्कार मंडळी,

दादर वेस्टला स्टेशनजवळचा नक्षत्र मॉल सगळ्यांना माहितीये. कपडे घ्यायला, पाऊस आला की आडोशाला, कधीतरी वर पिक्चर बघायला आपण जातोच. पण तिथे आधी काय होतं हे आताच्या कॉलेजच्या पोरापोरींना विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही. तिथे कोहिनूर होतं. आणि कोहिनूर म्हणजे नुसतं एक थेटर नाही, मराठी सिनेमाचा एक मोठा राडा तिथे झालाय आणि त्याचे परिणाम आपण अजून बघतोय.

गोष्ट १९७१ ची. दादा कोंडके तेव्हा नाटकातलं मोठं नाव, 'विच्छा माझी पुरी करा' मुळे घराघरात माहीत झालेले, पण प्रोड्यूसर म्हणून नवीन. त्यांनी 'सोंगाड्या' काढला, वसंत सबनीसांचं लेखन, गोविंद कुलकर्णींचं दिग्दर्शन, हिरोईन उषा चव्हाण. कोहिनूरला तो लागायचा होता पण थेटरवाल्यांनी पसंती दिली देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने' ला. दादा गेले बाळासाहेबांकडे, शिवसैनिक थेटरवर उतरले आणि सोंगाड्या लागला. लागला तो असा की सिल्व्हर ज्युबिली (म्हणजे सलग २५ आठवडे) करूनच थांबला, आणि पुढे दादांचे सलग ९ पिक्चर सिल्व्हर ज्युबिली झाले म्हणून गिनीज बुकात नाव गेलं. आज मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये शो मिळत नाहीत म्हणून आंदोलन होतं, २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायचाच असा नियम आणला तेव्हा केवढा गदारोळ झाला, या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर पहिला मोठा किस्सा आपल्या दादरमध्ये सापडतो. राजकारण कुणाला पटो न पटो, हा इतिहास आहे आणि आपल्या गल्लीतला आहे.

तर आता मुद्द्यावर येतो. आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, वाचनालयात रविवारी भेटणारे, काही रिटायर्ड काही नोकरीवाले, दोन आर्किटेक्चरच्या मुली पण आहेत. आम्ही ठरवलंय की कोहिनूरचा आणि त्याच्या सोबतीने दादरच्या बाकी थेटरांचा जमेल तेवढा इतिहास गोळा करायचा, नीट स्कॅन करून ठेवायचा आणि पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत एक छोटं प्रदर्शन लावायचं. चित्रा मे २०१९ मध्ये बंद झालं, शेवटच्या शोला किती लोक हळहळले पण त्यातल्या किती जणांनी तिकीट जपून ठेवलं? प्लाझा व्ही. शांतारामांचं, १२ मार्च १९९३ ला तिथे बॉम्ब फुटला, १० माणसं गेली, आणि तरी ते परत उभं राहिलं. हे सगळं लोकांच्या तोंडी आहे, कागदावर फार थोडं.

घाई कशाला असं काही जण विचारतात. तर घाई रिडेव्हलपमेंटची आहे. चाळी खाली होतायत, लोक भाड्याच्या घरात जातायत आणि जाताना माळ्यावरच्या पेट्या सरळ रद्दीवाल्याला देतायत. आमच्याच एका मेंबरच्या शेजाऱ्यांनी सोंगाड्याच्या गाण्यांची चोपडी रद्दीत घातली होती, ती जिन्यातून परत उचलून आणली म्हणून वाचली. चार पानी, स्वस्त कागद, घडीवर फाटलेली, मागे कुणीतरी पेन्सिलने किराणा मालाची यादी लिहिलीये, साखर, चहा पावडर, निरमा. आम्हाला नेमकं असलंच पाहिजे. यादी खोडू नका हं, ती पण इतिहासच आहे.

काय द्याल ते सांगतो. तिकिटाचे अर्धुक असतील तर सगळ्यात आधी. जुन्या तिकिटावर मूळ दर वेगळा आणि करमणूक कर वेगळा छापलेला असायचा, ते बघून कळतं की लोकांच्या खिशातून थेटरला किती आणि सरकारला किती जायचं. १९७५ ला सरकारने मराठी सिनेमासाठी कर परताव्याची योजना आणली (भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत), त्या पैशातून किती निर्मात्यांनी पुढचा पिक्चर काढला, म्हणजे ही चिटोरी म्हणजे मराठी सिनेमाचा जमाखर्चच आहे. मग लॉबी कार्ड (थेटरच्या दारात लावायचे पिक्चरचे फोटो), पास, पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड (दादरच्या दुकानदारांकडे नक्की असतील, जरा गोडाऊनमध्ये बघा). आणि फोटो. थेटरचा मुद्दाम काढलेला फोटो कुणाकडे नसतोच, पण लग्नाच्या खरेदीचा, गणपतीच्या मिरवणुकीचा, नवीन स्कूटरसोबतचा फोटो असतो आणि त्याच्या मागे कोपऱ्यात पोस्टर दिसतं. तसले फोटो काढून बघा प्लीज, आपण आहोत का तेवढंच बघतो आपण, मागे काय आहे ते बघत नाही.

वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. स्कॅन करून आठवड्याभरात परत, पोचपावतीसकट.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे माणसं. डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, ऑपरेटर, कॅन्टीनवाले, पोस्टर चिकटवणारे, आणि हो, ब्लॅकवाले सुद्धा, नाव लपवून ठेवू. पिक्चरचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर काकांना तर खास विनंती. दोन प्रोजेक्टर, त्यांच्या उजेडासाठी कार्बनच्या कांड्या, रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, एकच प्रिंट दोन थेटरात चालवायची तर रिळं सायकलवरून पळवायची, हे आता कोण सांगणार? डिजिटल आल्यावर ही सगळी कला एका हार्ड डिस्कमध्ये गेली. कुणाच्या ओळखीत असं कोणी असेल तर सांगा, आम्ही घरी येऊन रेकॉर्ड करू, त्यांना कुठे यायला लावणार नाही.

आता मॉल आणि थेटर यांचं नातं काय असं वाटेल, तर तेही प्रदर्शनात घेतोय. आपल्याकडे मल्टिप्लेक्स सुरू झालं १९९७ ला, दिल्लीत साकेतला, तेही तिथल्या शॉपिंग कॉम्प्लेक्समधल्या अनुपम नावाच्या जुन्या थेटरचेच चार पडदे करून. मग २००१ च्या सुमारास महाराष्ट्राने मल्टिप्लेक्सना करमणूक करात मोठी सवलत दिली आणि मॉल तिथे पडदा असं समीकरण झालं. एकपडदा थेटरांना ती सवलत नव्हती, वर मुंबईत नियम असा की जुनं थेटर पाडलं तर नवीन इमारतीत निदान एक तृतीयांश सीटचं थेटर ठेवायचं. मालक लोक या नियमावर वर्षानुवर्षं कुरकुर करतायत, त्यांचंही एका अर्थी बरोबर आहे, रिकाम्या खुर्च्यांचं वीजबिल त्यांनाच भरावं लागतं. पण माझं मत विचाराल तर हा नियम नसता तर शहरातल्या कितीतरी जागी पिक्चर होता याचा मागमूसही उरला नसता.

खर्चाचं बोलू. ए३ साइजचा चांगला स्कॅनर, कागद पिवळा पडू नये म्हणून ॲसिड-फ्री फोल्डर आणि खोके, दोन हार्ड डिस्क (एक कायम दुसऱ्या घरी), प्रदर्शनाची प्रिंटिंग आणि हॉलचं भाडं, सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास जातंय. रेकॉर्डिंग आम्ही मोबाईलवर करणार, टायपिंग पण घरच्या घरी, त्याचे पैसे धरलेले नाहीत. १०० रुपये दिले तरी चालतील. रजिस्टर्ड ट्रस्ट नसल्यामुळे इन्कम टॅक्समधली ८० जी ची सवलत मिळणार नाही हे आधीच सांगतो, पावती मात्र प्रत्येकाला आणि हिशोब दर महिन्याला ग्रुपवर. कोणत्याही पक्षाचा बॅनर लागणार नाही, तेवढ्यासाठी कोणी देणगी देणार असेल तर नम्र नकार.

दुकानदारांनी पैशाऐवजी काचेच्या फ्रेम, टेबलं, एक्स्टेंशन बोर्ड दिले तरी पळेल. तरुण पोरांनी रविवारी दोन तास स्कॅनिंगला आलात तर फार बरं, वयस्कर मंडळींनी फोटोतली जागा आणि साल ओळखून द्यावं.

वर्गणी आणि वस्तू वाचनालयाच्या काउंटरवर संध्याकाळी ६ ते ८, सोमवार सोडून. लांब राहायला गेलेल्या दादरकरांनी, बोरिवली-डोंबिवलीपासून अमेरिकेपर्यंत, फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी मरते. कुणाकडे फिल्मचे तुकडे असतील आणि त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बाकी फिल्मपासून लांब, कागदी पाकिटात, हवेशीर जागी ठेवा आणि आधी आम्हाला कळवा, आम्ही स्वतः येऊन नेऊ.